बर्फाचा कारखाना होता तिथून

कलम १. उद्देश

संकट आलं तरी काम बंद पडू नये, एवढाच या आराखड्याचा उद्देश आहे.

हे वाक्य मी लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली आणि बायकोला, तोमासाला, वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छान आहे. झालं ना आता?"

तिला दोष देण्यात अर्थ नाही. मलाही झालंच असं वाटलं होतं.

काम माझ्या मेव्हणीचं. डॉक्टर मेल्बा, म्हणजे तोमासाची धाकटी बहीण, आमच्या राजधानीत, मानाग्वात, रक्त-लघवी तपासायची एक छोटी लॅब चालवते. मी बँकेतून उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो तेव्हा माणसानं काही दिवस झोपाळ्यात पडून काढावेत असा माझा विचार होता. तोमासाला झोपाळा माझ्यापेक्षा रिकामा आवडतो. तिनं मला मेल्बाकडे कामाला लावलं.

समोरच्या रस्त्यावर एक भल्यामोठ्या साखळीतली चकचकीत लॅब उघडली आणि आमची गिऱ्हाइकं एसीच्या वासानं तिकडे गेली. तेवढ्यात एका मोठ्या इस्पितळानं त्यांच्या तपासण्या मेल्बाकडे पाठवायची तयारी दाखवली. अट एकच. आमचे सगळे अहवाल क्लाउडवर असतात, म्हणजे परदेशातल्या एका कंपनीच्या भाड्यानं घेतलेल्या संगणकांवर. उद्या लॅब पडली, जळली किंवा बुडाली, तर दुसऱ्या जागेवरून त्याच दिवशी ते अहवाल पुन्हा उघडता येतात हे सिद्ध करा. लेखी आराखडा द्या. शिवाय इस्पितळाचं माणूस समोर बसून परीक्षा घेणार.

"आणि नापास झालो तर?" मी विचारलं.

"तर लॅब विकायची आणि ह्यूस्टनला लेकीकडे जायचं," मेल्बा म्हणाली. "नातवंडं सांभाळेन. तुम्ही ताण घेऊ नका, भाऊजी."

तोमासानं मान वर केली नाही, पण तांदळातली बोटं थांबली. या दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर भांडतात. ज्या दिवशी भांडण होत नाही त्या दिवशी तोमासाचं डोकं दुखतं.

कलम २. संभाव्य धोके

इस्पितळानं दिलेल्या नमुन्यात छापलं होतं: भूकंप, ज्वालामुखी, वादळ, पूर, आग, वीज जाणं, लागू नसेल ते खोडा.

मी पेन उघडून बराच वेळ बसलो. खोडण्यासारखं काही सापडेना.

कलम ३. पर्यायी जागा

(हे कलम लिहिताना वीज गेली. पुढचा मजकूर डोन्या चेपिताच्या टपरीवर सुचला.)

डोन्या चेपिता (कागदोपत्री होसेफा) आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी तळलेली केळी, चीज आणि भाजलेलं मांस विकते. केळ्याबरोबर सल्ला फुकट असतो, आणि तो नको म्हणायची सोय नसते. मी तिला सहज म्हणालो की लॅब पडली तर कुठं बसून काम करायचं अशी एक जागा शोधतोय, जिथं तेच संकट पोचणार नाही.

"मासायाला माझी मावसबहीण आहे," ती म्हणाली. "मोकळी खोली आहे."

"तिथं ज्वालामुखी आहे."

"लांब आहे हो. घराच्या मागच्या दारातून नुसता दिसतो."

बाकड्यावर डॉन फिलेमोन (आमच्याकडे पुरुषाला आदरानं डॉन म्हणतात, बाईला डोन्या) बसला होता. हा माणूस तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या करवतीनं कापायचा. कारखाना बाहत्तरच्या भूकंपात पडला. फिलेमोन अजून त्याच जागेवर, त्याच्या एका उरलेल्या भिंतीला टेकून बांधलेल्या घरात राहतो. तो म्हणाला, "लेओनला ठेवा. लेओन शहाण्यांचं गाव."

"ते शहाणे एकदा राखेखाली गाडले जाऊन गाव हलवून बसलेत."

"मग ग्रानादा?"

"तळ्याचं पाणी चढतं."

"ब्लूफील्ड्स?"

त्यावर सगळेच हसले. ब्लूफील्ड्सला वादळं आमच्याकडे पाहुणे यावेत तशी येतात. न कळवता, आणि छप्पर घेऊन जातात.

शेवटी केळी संपली आणि देशही संपला. चेपिता म्हणाली, "तुमचं स्वतःचं घर काय वाईट आहे? लॅब त्या बाजूला, घर या बाजूला. बाहत्तर साली तुमचं एक कौलही हललं नव्हतं."

हे खरं होतं. घराला विजेची लाइनही वेगळी होती. मी घरी येऊन लिहिलं: *पर्यायी जागा: व्यवस्थापकांचं निवासस्थान.* बँकेत बावीस वर्षं काढूनही माझ्या घराला कुणी कधी निवासस्थान म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

कलम ४. पत्ता

अहवालांची क्लाउडवरची दुसरी प्रत उघडायला एक चावी लागते. अंगठ्याएवढी, संगणकाच्या कडेला खुपसायची. ती लॅबमध्ये ठेवायची नसते, कारण लॅबबरोबर तीही गाडली जाईल. ती पर्यायी जागीच पोचायला हवी, म्हणून कंपनी ती थेट तिथं पाठवते. फक्त पत्ता भरा.

माझ्या घराचा पत्ता मानाग्वातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळेल असा आहे: बर्फाचा कारखाना होता तिथून तळ्याकडे दोन चौक, अर्धा चौक खाली. खाली म्हणजे सूर्य मावळतो तिकडे. वर म्हणजे उगवतो तिकडे. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मी कंपनीच्या मदतनिसाला लेखी विचारलं. तो संगणकावर लगेच उत्तरं टंकत होता.

"तुमच्या रस्त्याचं नाव?"

"नाही."

"घराचा क्रमांक?"

"नाही."

"मग तुमची पत्रं कशी येतात?"

"पोस्टमन आणतो."

मग त्यानं लिहिलं, "आणि हा बर्फाचा कारखाना कुठे आहे?"

"तो नाही."

या उत्तरानंतर मदतनीस बदलला. नव्यानं सांगितलं की पहिल्या ओळीत जे सुचेल ते लिहा, क्रमांकात एक टाका. मी तसं केलं. राहिली नावाची चौकट. तिथं नुसतं 'इलारियो सेलेदोन' लिहायला मन होईना. आराखड्यात माझं जे पद मीच ठरवलं होतं ते मी पूर्ण लिहिलं: *सर्वसाधारण व्यवस्थापक, व्यवसाय-सातत्य व आपत्ती-निवारण विभाग*, आणि त्याच्या पुढं माझं नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव. चौकटी लहान होत्या, पण मी लिहिलेलं सगळं त्यांनी मुकाट्यानं गिळलं. परदेशी यंत्रं सभ्य असतात असं तेव्हा मला वाटलं.

कलम ५. वीजपुरवठा

जनरेटर घेतला. पिवळा, चाकांचा. तो ओट्यावर, बाहेरच्या भिंतीशी ठेवला आणि आराखड्यात लिहिलं: *यावर फक्त लॅपटॉप, इंटरनेटची डबी आणि एक दिवा चालेल.*

आमच्या वस्तीत एक रीत आहे. ज्याच्याकडे जनरेटर असेल त्याच्या घरातून वीज गेल्यावर शेजाऱ्यांकडे वायरी जातात. त्यासाठी विचारायचं नसतं, फक्त मोकळा प्लग शोधायचा असतो. मीही गेल्या खेपेला न्हाव्याच्या जनरेटरवर पंखा लावून झोपलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. पहिली वायर चेपिताच्या फ्रीझरची आली. दुसरी न्हाव्याची, त्याचा स्वतःचा जनरेटर आता बिघडला होता. मग वाण्याचा फ्रिज. मी तोमासाला म्हणालो, "कलम पाचमध्ये यांचा उल्लेख नाही."

"मग कर," ती म्हणाली.

कलम ६. चावी

कंपनीचा निरोप आला: *पोहोचली. सही घेतली.* खाली सहीचं चित्र. कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेली असावी तसं.

आमच्याकडे काही पोहोचलं नव्हतं.

शोधायला हवं होतं, पण कसं, हा प्रश्न माझ्या पदाचा होता. आपत्ती-निवारणाचा सर्वसाधारण व्यवस्थापक घरोघर जाऊन 'माझी चावी हरवली' म्हणत फिरत नाही. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला: "माझ्या नावानं काही आलंय का?" न्हावी नाही म्हणाला. वाणी नाही म्हणाला आणि कॉफी दिली. चेपिता म्हणाली, "काय यायचं होतं?"

"कार्यालयीन बाब आहे."

"असं? मग कार्यालयात बघा."

फिलेमोन बाकड्यावर डॉमिनो मांडत होता. त्यालाही विचारलं. त्यानं नीट विचार केला. "तुमच्या नावानं? नाही बुवा, डॉन इलारियो. तुमच्या नावानं काही नाही."

नवी चावी पाठवायला कंपनीला महिना लागणार होता, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी. मेल्बाला खरं सांगून टाकायचं ठरवून घरी आलो तर ओट्यावर तिची ऑर्किडची कुंडी. मेल्बा ती फुलझाडं कुणाला शिवूही देत नाही. तोमासा कुंडीशेजारी पायरीवर बसली होती.

"ठेवायला दिलीय," ती म्हणाली. "काही झालंच तर म्हणून. मी म्हटलं, मला नको. तर म्हणाली, 'ठेव गं, पाणी जास्त घालू नकोस.' मला सांगते पाणी किती घालायचं ते."

मी सांगितलं नाही.

कलम ७. चाचणी

इस्पितळानं नेमलेल्या इंजिनिअर रेनाता त्रेविन्यो मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरातल्या. दहाला यायच्या होत्या. दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"मी तळ्यात आहे," त्या म्हणाल्या.

"तळ्याकाठी?"

"काठी टॅक्सी आहे. नकाशा म्हणतो तळ्यात चला. ड्रायव्हर विचारतोय, बर्फाचा कारखाना जुना की त्याच्या आधीचा?"

त्यांना शेवटी चेपिता घेऊन आली. वाटेत त्यांच्या हातात केळ्याची पुडीही आली होती. बाई तरुण, केस घट्ट बांधलेले, हसणं जपून खर्च करणाऱ्या. मेल्बानं लॅबमध्ये मुख्य स्विच बंद केला आणि ती माझ्याकडे आली. नियम सोपा होता: लॅब पडली असं समजायचं, आणि दुपारच्या जेवणाआधी इथून एक अहवाल उघडून दाखवायचा. टेबलावर लॅपटॉप, शेजारी आराखडा, स्पायरलमध्ये बांधलेला.

"आता समजा," त्रेविन्योबाई म्हणाल्या, "इथलीही वीज गेली."

मी समजूतदार चेहरा करून स्विचकडे हात नेला. हात पोचायच्या आत वीज आपण होऊन गेली. फक्त माझी नाही, अख्ख्या वस्तीची.

"उत्तम," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं मीच केलं. मीही तसंच वाटू दिलं.

ओट्यावर जाऊन मी जनरेटर चालू केला. तो पहिल्या झटक्याला लागला, आणि "बघा" म्हणण्याइतका वेळ माझी मान ताठ राहिली. मग वायरी जाग्या झाल्या. फ्रीझर, वाण्याचा फ्रिज, न्हाव्याचं केस कापायचं यंत्र, आणि एक वायर जिची मला माहितीच नव्हती. ती लांबलचक लाल वायर कोपऱ्यावरच्या लोहाराकडे गेली होती. त्यानं वेल्डिंग लावलं.

जनरेटर आधी ओरडला, मग खोकला, मग त्यातून असा काळा धूर निघाला की चेपितानं छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या हातानं वाळूची बादली ओतली. न्हावी ओलं पोतं घेऊन धावला. आग विझली. भिंतीवर छपरापर्यंत एक काळा डाग चढला, पिवळं प्लॅस्टिक वितळून ओट्यावर सांडलं. सगळी वस्ती रस्त्यात. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं उभं.

"दोष वेल्डिंगचा नाही," लोहार म्हणाला. "मशीन नाजूक आहे."

त्रेविन्योबाईंनी घड्याळ पाहिलं. "लॅपटॉपला बॅटरी आहे. माझ्या फोनचं इंटरनेट देते. चावी लावा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग काढलं. बँकेत असतो तर म्हणालो असतो की फाइल वर गेलीये.

"चावी नाही," मी म्हणालो. "आली म्हणतात. कुणी घेतली माहीत नाही."

मेल्बानं तोमासाकडे पाहिलं आणि तोमासानं ऑर्किडच्या कुंडीकडे. माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे," चेपिता सावकाश म्हणाली, "त्या दिवशी इस्त्री करून फिरत होतात ते यासाठी? अहो भल्या माणसा, पार्सल हरवलं म्हणायचं. 'कार्यालयीन बाब' कुणाच्या घरी सापडते?" आणि रस्त्याकडे वळून तिनं केळी विकायचा आवाज लावला: "परदेशातलं पार्सल कुणाकडे आलंय? लहान, डबीएवढं! नाव कुणाचंही असो!"

"नाव कुणाचंही?" मागून फिलेमोननं विचारलं.

गर्दी बाजूला झाली.

"माझ्याकडे एक आहे," तो म्हणाला. "पण ते यांचं नाही. ते कारखान्याचं आहे."

तो गेला आणि त्याच्या चालीनं परत आला. हातात पुठ्ठ्याची डबी, न फोडलेली, सुतळीला बांधलेली. त्यानं ती भिंतीवर टांगली होती, बर्फ उचलायच्या जुन्या चिमट्याशेजारी. मी चिठ्ठी वाचली. परदेशी यंत्रांनी मी लिहिलेलं सगळं गिळलं होतं आणि निम्मंच बाहेर टाकलं होतं. नावाच्या जागी: *सर्वसाधारण व्यवस्थापक.* पत्त्याच्या जागी: *बर्फाचा कारखाना होता तिथून.* पुढचं तळं, चौक, मी, माझी दोन्ही आडनावं, सगळं कापलेलं.

"पोऱ्या मोटरसायकलवर आला," फिलेमोन म्हणाला. "विचारतो, बर्फाचा कारखाना? म्हटलं, हाच. म्हणतो, सर्वसाधारण व्यवस्थापक? आता ते डॉन तेओदुलो तर कधीच वारले. पण त्यांच्या नावानं इतक्या वर्षांनी टपाल आलंय, परत कसं पाठवायचं? मी त्यांच्या वतीनं सही केली." मग डबीकडे बोट करून, "फोडलं नाही हो. दुसऱ्याचं टपाल."

कुणी हसलं नाही. हसतील म्हणून मी तयारी करून ठेवली होती.

"डॉन फिलेमोन," मी म्हणालो, "कारखान्यातर्फे ही डबी आमच्या लॅबला काही वेळ वापरायला मिळेल का?"

त्यानं त्यावरही नीट विचार केला. "पोच द्या," तो म्हणाला.

मी आराखड्याच्या मागच्या कव्हरवर पोच लिहून दिली.

कलम ८. पुनर्प्राप्ती

चावी लागली. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. आमच्या पाठीमागे सगळी वस्ती श्वास धरून उभी. लोहारानं तर टोपीसुद्धा काढली. बॅटरीची खूण लाल झाली.

"कुठलाही एक उघडा," त्रेविन्योबाई म्हणाल्या.

मी पहिला आला तो उघडला. अख्खं पान भरून, ठळक अक्षरांत: होसेफा कार्दोसा. उपाशीपोटी साखर.

"अगं बाई," वाणी म्हणाला. "चेपिता, हे काय? इतकी?"

"जुना आहे तो," चेपिता म्हणाली.

"मागच्या मंगळवारचा आहे," मेल्बा म्हणाली, आणि तिच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. "मी तुला काय सांगितलं होतं? तळलेलं बंद. तू काय सांगितलंस? विकते, खात नाही."

"चवीपुरतं बघावं लागतं."

"सगळ्यांनी पाठ फिरवा," त्रेविन्योबाई म्हणाल्या. "हा रुग्णाचा खाजगी अहवाल आहे."

वस्तीनं पाठ फिरवली. पण आकडा तोवर कोपऱ्यापर्यंत पोचला होता. तिथून कुणीतरी ओरडून विचारलं, उपाशीपोटीच ना?

बाईंनी अहवाल पाहिला, वेळ लिहिली. जेवणाआधीची होती. बॅटरी संपून लॅपटॉप त्यांच्या समोरच बंद पडला. मग त्यांनी माझा आराखडा पहिल्या पानापासून वाचला, अगदी रेघेसकट. केळ्याची पुडी संपवता संपवता त्या वाचत होत्या, त्यामुळे काही पानांवर तेल आहे. ते माझं नव्हे.

"कागदावर हा नापास आहे," त्या म्हणाल्या. "जनरेटर नापास. चावी नापास. गोपनीयता तर..." त्यांनी चेपिताकडे पाहून वाक्य सोडून दिलं. "पण अहवाल उघडला. आता मला हे सांगा, चावी हरवली तर कुणाला विचारायचं, हे यात कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "आम्हाला माहीत असतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

त्या दुपारी मी नवं कलम घातलं: *जबाबदार व्यक्ती: डोन्या होसेफा कार्दोसा, कोपऱ्यावर, संध्याकाळी.* चेपितानं ते वाचायला मागितलं आणि म्हणाली की 'सर्वसाधारण' हा शब्द मला नको, तुम्हालाच राहू दे.

कलम ९

(हे कलम मुद्दाम रिकामं ठेवलं आहे. निकालाची वाट पाहताना काय वाटतं ते लिहायची नमुन्यात सोय नाही.)

कलम १०. निकाल

डिसेंबर आला. माता मेरीच्या सणाआधी आमच्याकडे घरं रंगवतात. तोमासा काळ्या डागावरून मला रोज बोलत होती; सणाला लोक दारात गाणी म्हणायला येणार आणि भिंत ही अशी. मेल्बानं ऑर्किड परत नेलं नव्हतं. तोमासा त्याला पाणी मोजून घालायची.

मी चुन्याची बादली कालवली, ब्रश बुडवला, आणि मोटरसायकल थांबली. पोऱ्यानं काही विचारलं नाही. इकडे तिकडे पाहिलं नाही. भिंतीकडे एकदा नजर टाकली आणि पाकीट थेट माझ्या हातात दिलं.

मेल्बा आत तोमासाशी भांडत होती. तिनं पाकीट माझ्या हातून ओढून फोडलं, वाचलं आणि खुर्चीवर बसली. तोमासानं विचारलं, "काय?" मेल्बा म्हणाली, "माझं ऑर्किड दे. तू पाणी कमी घालतेस." तोमासा आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा कुंडी नीट पुसलेली होती.

रिकामं पाकीट माझ्याकडे राहिलं. इंजिनिअर त्रेविन्योंचं अक्षर छापल्यासारखं आहे. पत्त्याची माहिती त्यांनी कुणाकडून घेतली ते मला विचारावं लागलं नाही. पाकिटावर लिहिलं होतं:

*डॉन इलारियो. जनरेटर जळाला तिथं.*

पद नव्हतं. आडनावंही नव्हती. मी ते दोनदा वाचलं.

फिलेमोन काठी टेकत येऊन ओट्याशी उभा राहिला होता. त्यानं डाग खालून वरपर्यंत पाहिला, एखाद्या इमारतीकडे पाहावं तसा. मग माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

"तेवढी जागा सोडा," तो म्हणाला. "टपाल चुकेल."

मी डागाच्या बाजूनं, कडेकडेनं रंगवलं.